विश्लेषण : एका टिकवर थांबलेली बॅच… महामारी आणि ‘निसर्ग’च्या काळात रायगड किनाऱ्यावरच्या जुन्या वर्गमित्रांचा संपर्क कसा तुटला, कसा जुळला?

टाळेबंदी सुरू होऊन जवळपास ७० दिवस झाले होते. किनाऱ्यावरच्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची लगबग होती. मुंबई, ठाणे, पुणे आणि परदेशात पांगलेले जुने वर्गमित्र रोज सकाळी ‘सगळे ठीक ना?’ म्हणून व्हॉट्सॲप ग्रुपवर हजेरी लावत होते. ३ जून २०२० च्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि या हजेरीपटातली काही नावे एकदम गप्प झाली. करोनाच्या काळात साठी-पासष्टी ओलांडलेल्यांसाठी कॉलेजचा ग्रुप किती मोलाचा होता आणि तो कुठे अपुरा पडला, हे समजून घ्यायला रायगडचा किनारा हे चांगले उदाहरण आहे.

३ जूनच्या दुपारी काय झाले?

हवामान विभागाच्या नोंदीनुसार ‘निसर्ग’ने अलिबागच्या दक्षिणेला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर आणि झोत १२० किलोमीटरपर्यंत होते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, कौले आणि पत्रे उडाले, विजेचे खांब मोडून पडले. ५ जूनला तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जिल्ह्याची पाहणी करून तातडीची मदत म्हणून १०० कोटी रुपये जाहीर केले. पण अनेक गावांत वीज यायला कित्येक आठवडे लागले.

एरवी वादळ झाले की चाकरमानी एसटी, लाँच, मिळेल ते वाहन पकडून गाव गाठतो. या वेळी जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता. मांडव्याची रो-रो बोट १५ मार्चला सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदीत थांबली होती. म्हणजे जाऊन पाहायची सोय नाही आणि फोनही लागत नाही, अशी दुहेरी कोंडी झाली. ग्रुपवर विचारलेल्या ‘घर कसे आहे? कळव’ या प्रश्नापुढे एकच राखाडी टिक दिसत राहिली.

एक टिक आणि दोन टिक यांत फरक काय?

व्हॉट्सॲपवरचा संदेश थेट मित्राच्या फोनवर जात नाही. तो आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. तिथे पोहोचला की एक टिक येते. तिथून तो समोरच्या फोनवर उतरला की दुसरी टिक येते. समोरचा फोन बंद असेल किंवा त्याला इंटरनेट नसेल, तर संदेश सर्व्हरवर कुलूपबंद स्वरूपात वाट पाहतो. ही मुदत ३० दिवसांची असते. त्यानंतर तो संदेश पुसला जातो.

ग्रुपचा नियम थोडा वेगळा आहे आणि तो बऱ्याच जणांना ठाऊक नसतो. ग्रुपमध्ये दुसरी टिक तेव्हाच येते, जेव्हा संदेश प्रत्येक सदस्याच्या फोनवर पोहोचतो. साठ जणांच्या ग्रुपमध्ये एकाचा जरी फोन बंद असला आणि बाकी सगळ्यांना निरोप मिळाला, तरी पाठवणाऱ्याला एकच टिक दिसते. संदेशावर बोट दाबून ‘माहिती’ उघडली की कोणाला मिळाला आणि कोणाला नाही, याची यादी दिसते. वादळानंतर ही यादी उघडून पाहणाऱ्याला कोणाकडे नेटवर्क आले, याचा अंदाज घरबसल्या बांधता येत होता. दोन टिका आल्या म्हणजे मित्र सुखरूप आहे असे मात्र सिद्ध होत नाही. त्याचा फोन चार्ज झाला आणि इंटरनेटला जोडला गेला, एवढेच त्यातून कळते.

टॉवर उभा असताना फोन का बंद पडतो?

मोबाइल टॉवरला दोन गोष्टी लागतात, वीज आणि बाहेरच्या जगाशी जोडणी. वीज गेली की टॉवर बॅटरीवर चालतो. बॅटरी काही तासांची असते. पुढे डिझेल जनरेटर. रस्त्यावर झाडे पडलेली असतील तर डिझेल पोहोचत नाही आणि टॉवर मुका होतो. दुसरी अडचण जोडणीची. टॉवर पुढच्या केंद्राशी फायबरने किंवा मायक्रोवेव्ह डिशने जोडलेला असतो. कोसळणारे झाड खांबांवरून गेलेली फायबर तोडते. जोराच्या वाऱ्याने डिशची दिशा हलली, तरी समोरच्या डिशशी तिचा मेळ तुटतो. अशा वेळी फोनवर रेंजच्या कांड्या दिसतात, पण पलीकडे काहीच जात नाही.

घरातल्या फोनचीही तीच गत. वीज नाही म्हणजे चार्जिंग नाही. पूर्वीचा तांब्याच्या तारेचा लँडलाइन फोन या बाबतीत वरचढ होता, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन एक्स्चेंजमधून तारेतूनच येते. तार शाबूत असेल तर घरात अंधार असतानाही तो वाजतो. आता बहुतेक घरांतून तो गेला आहे, आणि फायबरवर चालणाऱ्या नव्या लँडलाइनला घरातली वीज लागते.

साध्या एसएमएसकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. त्याला इंटरनेट लागत नाही. कॉल टिकत नाही इतक्या कमकुवत रेंजमध्येही चार शब्दांचा एसएमएस जाऊ शकतो, आणि पलीकडचा फोन बंद असला तर नेटवर्क काही काळ पुन:पुन्हा प्रयत्न करते. बॅटरीही कमी खाते. वादळाच्या काळात ‘आम्ही ठीक. पत्रे गेले.’ एवढ्यासाठी व्हिडीओ कॉलची गरज नसते.

मुळात ही बॅच पांगली कुठे होती?

समजा, १९७५ साली अलिबागच्या कॉलेजातून पदवी घेतलेली साठ जणांची एक बॅच आहे. त्यांच्या कागदपत्रांवर जिल्ह्याचे नाव ‘कुलाबा’ आहे. ‘रायगड’ हे नाव १९८१ मध्ये आले. अलिबागला जनता शिक्षण मंडळाचे महाविद्यालय १९६१ मध्ये सुरू झाले. त्याआधी आणि नंतरही किनाऱ्यावरची बरीच मुले पदवीसाठी मुंबईला जात. शिक्षण झाल्यावर कोणी बँकेत लागले, कोणी थळच्या खत कारखान्यात, कोणी शिक्षक झाले, कोणी आखाताची वाट धरली. काहींनी वाडी सांभाळली. २०२० मध्ये ही मंडळी पासष्टीच्या आसपास होती. मुले पुण्यात किंवा परदेशात, आणि आपण दोघेच घरी, असे चित्र यातल्या बऱ्याच घरांत होते.

अशा बॅचचे ग्रुप साधारण २०१६ नंतर भराभर उभे राहिले. त्या वर्षी व्हॉट्सॲप ग्रुपची सदस्यमर्यादा १०० वरून २५६ झाली आणि सप्टेंबरमध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला. पण सगळे सापडणे सोपे नव्हते. वर्गातल्या मुली शोधणे सर्वांत अवघड. लग्नानंतर आडनाव बदललेले, अनेकींचे नावही बदललेले, हजेरीपटावर माहेरचे नाव आणि हाती आलेला क्रमांक यजमानांचा किंवा मुलाचा. त्यामुळे बऱ्याच ग्रुपांत सुरुवातीला पुरुषांचाच भरणा राहिला. एक मैत्रीण सापडली की तिच्यामार्फत चार-पाच जणी सापडतात, हा अनुभव सार्वत्रिक आहे.

महामारीत या ग्रुपांनी नेमके काय केले?

केंद्राच्या नियमावलीनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी अत्यावश्यक कारण वगळता घरातच राहावे, अशी सूचना होती. सकाळचे फिरणे, देवळाचा कट्टा, वाचनालय, पेन्शनच्या निमित्ताने बँकेत होणाऱ्या भेटी हे सगळे एकाच दिवशी बंद झाले. अंतर ठेवा म्हणजे माणसांशी नाते तोडा असा अर्थ निघू नये, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘सामाजिक अंतर’ऐवजी ‘शारीरिक अंतर’ हा शब्द वापरायला सुरुवात केली होती. घरात अडकलेल्या ज्येष्ठांसाठी तो फरक फोनने प्रत्यक्षात आणला.

एप्रिल २०२० च्या अखेरीस व्हॉट्सॲपने ग्रुप कॉलची मर्यादा चारवरून आठवर नेली. झूमच्या फुकट खात्यावर शंभर जण येऊ शकत, पण ४० मिनिटांनी बैठक आपोआप बंद होई. कॉलेजच्या एका तासाला जवळपास तेवढाच वेळ मिळायचा, त्यामुळे हा हिशेब या पिढीला परका वाटला नाही. पहिली दहा मिनिटे ‘आवाज येतोय का’मध्ये जात, हा भाग वेगळा.

गप्पांपलीकडची कामे जास्त महत्त्वाची ठरली. बॅचमधला डॉक्टर कोणत्या तापाला थांबायचे आणि कोणत्या तापाला निघायचे ते सांगे. निवृत्त बँक कर्मचारी मोबाइलवरून पैसे पाठवायला शिकवे. गावात राहणारा मित्र मुंबईतल्या मित्राच्या बंद घराकडे चक्कर टाकून येई. ‘निसर्ग’नंतर याच गावातल्या मित्रांवर सगळी भिस्त होती. रेंज मिळेल तिथपर्यंत, घाटाच्या चढणीवर किंवा शेजारच्या तालुक्यात जाऊन एक जण फोन करी आणि पाच घरांची खुशाली एकदम कळवी.

१ मार्च २०२१ पासून ६० वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण खुले झाले. त्यासाठी कोविन पोर्टलवर नोंदणी होती आणि एका मोबाइल क्रमांकावर चौघांची नोंद करता येत होती. ज्याला जमले त्याने ज्याला जमत नव्हते त्याची नोंद करायची, ही गरज या नियमाने भागली. त्यानंतर दुसरी लाट आली. एप्रिल-मेमध्ये ग्रुपवर ऑक्सिजन, खाटा आणि इंजेक्शनांची विचारणा सुरू झाली, आणि तिच्यापाठोपाठ श्रद्धांजलीचे संदेश. अंत्यसंस्काराला २० जणांची मर्यादा होती. पन्नास वर्षांच्या मैत्रीनंतरही शेवटचे दर्शन नाही. अनेकांना शोकसभा मोबाइलच्या पडद्यावरच करावी लागली.

जुलै २०२१ मध्ये महाडचा पूर आणि तळियेची दरड यांनी जिल्ह्याची तीच परीक्षा पुन्हा घेतली. तळियेत ऐंशीहून अधिक जणांचा बळी गेला. वीज आणि फोन पुन्हा बंद पडले होते.

जुन्या मैत्रीबद्दल संशोधन काय सांगते?

या विषयावरचा सर्वांत लांब चाललेला अभ्यास योगायोगाने वर्गमित्रांपासूनच सुरू झाला. हार्वर्ड विद्यापीठाने १९३८ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांचा आयुष्यभर मागोवा घ्यायला सुरुवात केली. त्यात २६८ विद्यार्थी होते. पुढे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतील ४५६ मुलांचा समांतर अभ्यास त्याला जोडला गेला. अभ्यासाचे संचालक रॉबर्ट वाल्डिंगर यांच्या मांडणीनुसार, पन्नाशीत नात्यांविषयी जे सर्वाधिक समाधानी होते ते ऐंशीव्या वर्षी सर्वाधिक निरोगी आढळले. त्या वयातल्या कोलेस्टेरॉलच्या आकड्यापेक्षा नात्यांचे समाधान अधिक सांगून जात होते. अर्थात हा संबंध आहे, थेट कारण नव्हे, कारण निरोगी माणसाला नाती टिकवणेही सोपे जाते. शिवाय मूळ गटात सगळे पुरुष होते.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये ‘दुबळ्या धाग्यांची ताकद’ दाखवली. जवळच्या माणसांना सहसा तेच माहीत असते जे आपल्याला माहीत असते. नवी माहिती येते ती लांबच्या ओळखींतून. वर्गातल्या ज्याच्याशी कॉलेजात चार शब्दही बोललो नव्हतो, तोच जिल्हा रुग्णालयाजवळ राहत असतो. दुसऱ्या लाटेत ग्रुप उपयोगी पडले त्याचे हे एक स्पष्टीकरण आहे.

मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांच्या मते, उरलेला काळ कमी आहे याची जाणीव झाली की माणूस ओळखी वाढवण्यापेक्षा मोजकी, अर्थपूर्ण नाती जपतो. शिवाय साधारण १० ते ३० या वयातल्या आठवणी उतारवयात सर्वांत ठळक राहतात, असेही दिसून आले आहे. कॉलेजची वर्षे नेमकी त्यात येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सहापैकी एका व्यक्तीला एकटेपणा जाणवतो. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ६० वर्षांवरील लोकांचे प्रमाण ९.९ टक्के होते. देशाची सरासरी ८.६ टक्के होती. त्यामुळे हा विषय भावनेपुरता नाही, सार्वजनिक आरोग्याचाही आहे.

मग ग्रुपच्या मर्यादा कोणत्या?

पहिली मर्यादा म्हणजे ढकलसंदेश. काढे, वाफारे आणि अफवा यांचा महापूर याच ग्रुपांतून गेला. एप्रिल २०२० मध्ये व्हॉट्सॲपने वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल, असे बंधन घातले. दुसरी, राजकारणावरची भांडणे. त्यात ग्रुप फुटले, ॲडमिन वैतागले. सदस्याच्या मजकुरासाठी, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये दिला.

तिसरी मर्यादा जास्त खोल आहे. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याला कमी ऐकू येते, ज्याची परिस्थिती इतरांच्या मानाने बेताची राहिली म्हणून जो बोलायला संकोचतो, तो ग्रुपवर दिसत नाही. दिसत नाही म्हणून त्याची चौकशीही होत नाही. महामारीत सर्वाधिक एकटे कोण पडले, याचे उत्तर ग्रुपच्या आत शोधून मिळणार नाही.

टिक कायमची एकच राहिली तर?

एखादा सदस्य गेला आणि त्याचा फोन बंद झाला, की वरच्या नियमाप्रमाणे ग्रुपवरचा प्रत्येक नवा संदेश एकाच टिकवर थांबतो. वाढदिवसाच्या शुभेच्छा असोत की सहलीचे बेत, दुसरी टिक येत नाही. दुसऱ्या लाटेनंतर कित्येक ग्रुपांनी हा अनुभव घेतला असेल, कारण कळले नसले तरी.

साधारण १२० दिवस वापर नसलेले खाते व्हॉट्सॲप हटवते. मग तो क्रमांक ग्रुपमधूनही निघतो. ज्याने हयातीत कधी ग्रुप सोडला नाही, तो यंत्राच्या लेखी असा बाहेर पडतो आणि टिका पुन्हा दोन होतात. वापर नसलेला क्रमांकही कालांतराने बंद होऊन दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो. त्यामुळे जुन्या मित्राच्या नावावर अनोळखी चेहऱ्याचा फोटो दिसला तर दचकू नये, पण त्या क्रमांकावर खासगी काही पाठवूही नये. कुटुंबाला सोपा पर्याय म्हणजे क्रमांक घरातल्या कोणाच्या तरी नावावर करून घेणे. काही घरांत पत्नी किंवा मुलगी तोच क्रमांक चालू ठेवते आणि ग्रुपवरही राहते.

पुढच्या वादळाआधी काय करता येईल?

• कागदावर यादी ठेवा. नाव, गाव, दोन क्रमांक, शेजाऱ्याचा एक क्रमांक. मैत्रिणींच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे दोन्ही आडनाव. फोन बंद पडला की त्यातली यादीही बंद पडते.

• प्रत्येक तालुक्यात एक जण ठरवा. वादळ किंवा पूर आला की त्याने आसपासच्या बॅचमेट्सची खुशाली घेऊन एकच संदेश बाहेर पाठवायचा. साठ जणांनी एकाच मित्राला फोन लावला तर त्याची बॅटरीच संपते.

• वादळाचा इशारा आला की फोन आणि पॉवर बँक आदल्या रात्री पूर्ण चार्ज करा. नंतर डेटा बंद ठेवून ठरावीक वेळीच फोन सुरू करा. खुशालीसाठी एसएमएस वापरा.

• ग्रुपवर नसलेल्यांची वेगळी नोंद करा आणि महिन्यातून एकदा त्यांना साधा फोन करा. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय ‘एल्डरलाइन’ आहे. मानसिक ताणासाठी १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर समुपदेशन मिळते.

• संदेश एका टिकवर थांबला असेल तर ‘माहिती’ उघडून कोणाचे नाव राहिले ते पाहा. बऱ्याचदा फोन दुरुस्तीला गेलेला असतो किंवा रिचार्ज संपलेला असतो. तरीही दोन दिवस तेच नाव दिसत राहिले, तर त्याच्या शेजाऱ्याला फोन लावा.